वडिलोपार्जित नाणी-पदके व त्यांचे मोल

‘जुने ते सोने’ ही म्हण आमच्या लोकांनी इतकी अक्षरशः मनावर घेतली आहे की, घरात एखादी जुनी चकती सापडली म्हणजे ती प्रथम सराफाच्या काट्यावर चढते. आणि तेथे ती सोन्याची अथवा चांदीची ठरली, तरच तिला काय तो मान मिळतो. ह्या काटेवाल्या पंथास अलीकडे एक प्रतिस्पर्धी पंथ निर्माण झाला आहे. त्याच्या मते जुने ते नुसते सोने नव्हे, तर कोट्यवधी रुपये होत. फक्त गिऱ्हाईक भेटावयाचा अवकाश! पहिला पंथ वस्तू मुशीत घालतो, दुसरा तिच्या नादाने घरची शिल्लक ठकाच्या हाती घालतो. हे दोन पंथ वरवर एकमेकांचे वैरी दिसले तरी एकाच अज्ञानाची जुळी अपत्ये आहेत, आणि दोघांच्या हातून आमच्या मराठवाड्याचा इतिहास घरोघर नाहीसा होत आहे, अशी आमची तक्रार आहे. ती आज वाचकांपुढे थोडी विस्ताराने मांडावयाची आहे.

तक्रारीचे निमित्त अर्धापूरचे. नांदेडाहून हिंगोलीच्या वाटेवरील हे गाव केळीच्या बागांसाठी आणि केशवराजाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका स्नेह्यांच्या जुन्या घराची वाटणी चालली असता देवघरामागील कोनाड्यातून एक पितळी डबी निघाली, आणि ती पाहावयास आम्हांस बोलावणे आले. डबीत चारमिनारचे छाप असलेले अकरा रुपये होते. एक लहानशी सोन्याची चकती होती. दोन्ही बाजूंस काळवंडलेला, फीत गेलेला, चांदीचा एक मोठा बिल्ला होता. आणि रामपंचायतनाचे चित्र असलेला एक तांब्याचा तुकडा होता. चार वस्तू, आणि घरात मते तीन. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, सगळे वितळवून तिघा भावांत तोळ्यावर वाटून घ्यावे, म्हणजे भांडण नको. धाकट्यांच्या चिरंजिवांनी मोबाइलवर कोणाची तरी जाहिरात दाखविली; तीत त्या तांब्याच्या तुकड्यासारख्याच तुकड्यास काही कोटींचा भाव सांगितला होता. घरातील वृद्ध काका मात्र बिल्ल्याकडे बोट करून एवढेच म्हणाले, “राजाची खूण ही. रझाकारांच्या दिवसांत ह्या घराने काय भोगले ते मला विचारा. विहिरीत टाका!”

तिन्ही मतांत एक गोष्ट समान होती. त्या वस्तूंवर काय लिहिले आहे, हे तिघांपैकी एकानेही वाचले नव्हते. आमचे सांगणे ह्याहून निराळे नाही: आधी ओळख, मागून मोल. वस्तू कोणती, कोणी पाडली, कधी पाडली, कोणास व कशाकरिता दिली, हे ठरल्याखेरीज तिची किंमत सांगणे म्हणजे पत्र न उघडता पाकिटाच्या वजनावरून मजकुराची योग्यता ठरविणे होय.

प्रथम काटेवाल्यांचा समाचार घेऊ, कारण त्यांच्या हातून होणारी हानी कायमची असते. चारमिनारचा रुपया ही हैदराबाद संस्थानची हाली सिक्क्याची चांदी. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या अखेरच्या वर्षांत, विसाव्या शतकाच्या आरंभी, यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार आला, आणि १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आल्यावर तोच पुढे चालू राहिला. आता दोघांचे रुपये ओळखावे कसे? चारमिनारच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असते. ते ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अलींचे. ‘ऐन’ असेल तर उस्मान अलींचे. राजाच्या नावाचे आद्याक्षर एवढीच काय ती राजाची ओळख. बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या रुपयावर आपला मुखवटा उमटविला. हैदराबादच्या नाण्यांवर निजामाचा चेहरा नाही, इमारत आहे. ज्याला एवढे कळले, त्याच्या हातातील अकरा चकत्या एका क्षणात दोन राजवटींत विभागल्या जातात. आमच्या स्नेह्यांच्या डबीत तीन रुपये ‘मीम’चे व आठ ‘ऐन’चे निघाले. म्हणजे दोन पिढ्यांची बचत एकाच डबीत पडली होती, हे घरच्यांस त्या दिवशी प्रथम समजले.

सन वाचणेही अवघड नाही. आकडे फारसी वळणाचे असतात: पाच हा उलट्या पिंपळपानासारखा, सात हा वर उघडलेल्या कोनासारखा, आठ हा त्याच कोनाला उपडा घातल्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. सन हिजरी असल्यामुळे त्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळजवळ बरोबर येतो. १३४३ हा आकडा असेल तर १९२४-२५. मात्र एका फसवणुकीपासून जपावे. आसफजाही नाण्यांवर पुष्कळदा ९२ हा आकडा दिसतो, आणि तेच साल समजून लोक भलतेसलते तर्क बांधतात. ते साल नव्हे. अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ ह्या नामाची बेरीज ९२ होते. त्या नामाचे ते चिन्ह होय. दुसऱ्या बाजूस ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे ज्याचा पाया शुभ आहे असे हैदराबाद, हे टांकसाळीच्या गावाचे बिरुद असते. हे सर्व वाचण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. उर्दू जाणणारा एखादा वृद्ध शिक्षक आणि अर्धा तास एवढे पुरते.

आणि हे वाचल्यावर काट्याचे वजनही बोलू लागते. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी शेकडा सुमारे ८२. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, व त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. आता हिशेब करून पाहा. सात हाली रुपयांत शुद्ध चांदी सुमारे ६४ ग्रॅम भरते, आणि सहा कलदारांतही तेवढीच भरते. आमचे वाडवडील “सात हाली, सहा कलदार” असा जो भाव तोंडपाठ म्हणत, त्याचे मूळ येथे आहे. नांदेडचा कापूस मुंबईस गेला आणि पैसा परत आला, तेव्हा दर व्यवहारात हा सातास सहाचा हिशेब बसवावा लागे. एकाच देशात राहून परक्या नाण्याशी व्यवहार करणाऱ्या मुलखाची ही कहाणी आहे. सराफाच्या मुशीत जेव्हा तो रुपया जातो तेव्हा चांदी राहते आणि कहाणी जाते. चांदी बाजारात रोज मिळते. कहाणीचे दुकान कोठे आहे ते थोरल्या बंधूंनी आम्हांस दाखवावे!

सोन्याच्या चकतीची गोष्ट अशीच. तिचे वजन २.७९ ग्रॅमच्या आसपास भरले, तेव्हा ती पाव अशर्फी असल्याचे उघड झाले. कारण पूर्ण अशर्फी रुपयाच्याच वजनाची, ११.१८ ग्रॅमची, आणि तिचे अर्धा, पाव व अष्टमांश असे भाग पाडीत. तिच्यातील सोने शेकडा ९१. परंतु घरात तिला कडी लावली होती, आणि काळी पडली म्हणून कोणी तरी चिंच व राख लावून ती लखलखीत घासली होती. आमच्या बायाबापड्यांस ह्याबद्दल दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नाणे गळ्यात घालण्याची आमची चाल जुनी आहे. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ हे नावच मुळी व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील मानवाकृतीवरून पडले. म्हणून जुनी कडी असेल तर ती तोडू नये, तीही त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. परंतु घासणे ही मात्र शुद्ध हानी होय. नाण्यावरील काळपट थर हा मळ नसून वयाची साक्ष असते, आणि घासून चकचकीत केलेल्या नाण्यास जाणता संग्राहक हात लावीत नाही. जे पुसून टाकले त्याची किंमत कोणीच देत नाही.

आता काळा बिल्ला. तो ३८ मिलिमीटर व्यासाचा. एका बाजूस पुष्पमालेत राजाराणीचे डावीकडे पाहणारे दोन मुखवटे, दुसऱ्या बाजूस सगळा फारसी मजकूर. हे १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीस भरलेल्या पंचम जॉर्जच्या दरबाराचे पदक. त्याची फीत गडद निळी, मधोमध दोन बारीक किरमिजी पट्टे असलेली असे. ह्याच दरबारात संस्थानिकांपैकी पहिला मुजरा नव्या निजामाने केला. घरात अशी कथा की, पणजोबा निजामाच्या लवाजम्यात दिल्लीस गेले होते. कथा खरी असणे सर्वस्वी शक्य आहे. पण येथे एक दुःखाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पहिल्या महायुद्धाची चांदीची पदके ज्या शिपायांस मिळाली, त्यांची नावे, हुद्दा व पलटण पदकाच्या कडेवर कोरलेली असतात. पदक हातात घेताच मनुष्य सापडतो. दरबाराचे पदक मात्र निनावी दिले जात असे. ते कोणाच्या छातीवर होते हे केवळ सोबतच्या कागदांवरून सिद्ध होते. आम्ही कागदांची विचारणा केली, तेव्हा कळले की, उर्दू लेखांची एक पेटी होती, ती “कोणास वाचता येत नाही” म्हणून काही वर्षांपूर्वी रद्दीत गेली. बिल्ला राखला आणि त्याची जीभ कापून टाकली! पदकाची जी किंमत त्या पेटीमुळे वाढली असती, ती कोणत्याही काट्यावर मोजता येणार नाही. आणि बाजाराचाच विचार केला तरी, ज्याचा धनी ठाऊक आहे असे पदक निनावी पदकाहून केव्हाही वरचढ ठरते.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. ह्यांचा पहिला भ्रम असा की, जितके जुने तितके मोलाचे. तसे असते तर सातवाहनांची तांब्याची नाणी, जी दोन हजार वर्षांच्या घरातली आहेत, ती सर्वांत महाग असती. प्रत्यक्षात त्यांतील सामान्य प्रकार मातबर संग्राहकांच्या खिजगणतीतही नसतात, कारण ती विपुल सापडतात. किंमत वयाने ठरत नाही. ती विरळपणाने, स्थितीने आणि मागणीने ठरते. एक उदाहरण देतो. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकमालेत जो हत्ती होता, तो लोकांस डुकरासारखा दिसला. मोठा गवगवा झाला, सरकारने नाणे मागे घेतले, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट केलेला साचा सुरू झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, पण लोकांत गेले ते सुमारे सातच लाख. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक शोधीत फिरतात आणि १९१२ चा कोणी विचारीत नाही. दोहोंत चांदी रतीभरही कमीजास्त नाही! उलट १९४० नंतरचा सहाव्या जॉर्जचा रुपया हातात तेवढाच जड लागतो, पण त्यात चांदी निम्मीच आहे. जो काट्यावर विसंबतो तो पहिल्या ठिकाणी ठकतो, जो वयावर विसंबतो तो दुसऱ्या ठिकाणी. जो वाचतो तो दोन्ही ठिकाणी वाचतो.

चिरंजिवांच्या तांब्याच्या तुकड्याचा निकाल तर आणखी सोपा. त्यावर एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण व मारुती, आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा आणा आणि १८१८ हे साल. असे नाणे कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीने कधी पाडलेले नाही. कंपनीची सबंध हिंदुस्थानाकरिता एकसारखी नाणी १८३५ साली सुरू झाली. त्या वेळच्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे चिन्ह आहे, देवदेवता नाहीत. रामाचे चित्र असलेले हे तुकडे यात्रेतील श्रद्धेच्या वस्तू म्हणून देवघरात ठेवण्यास कोणाची हरकत नाही; परंतु त्यांस कोटीचे मोल सांगणारा मनुष्य भाविक नसून भामटा आहे. त्याची रीत ठरलेली असते. आधी नोंदणीची फी, मग कर, मग प्रमाणपत्र, आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे पैसे. ह्या धंद्यात रिझर्व्ह बँकेचे नावही ओढले गेले. तेव्हा बँकेस ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपला काही संबंध नाही, आपण असले शुल्क घेत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या चमत्कारी धातूच्या नावाने ‘राइस पुलर’चा जो बाजार मांडला जातो, तो ह्याच झाडाची दुसरी फांदी. शेतकऱ्याच्या पोराने पिकाचे पैसे असल्या ठिकाणी घालवावे, आणि त्याच वेळी त्याच्या घरातील खरी अशर्फी मोडीत जावी, ह्याहून विपरीत देखावा कोणता?

तिसरे मत काकांचे. त्यास उत्तर देताना आमचा सूर आपोआप खाली येतो. कारण ते अज्ञानातून नव्हे, जखमेतून आलेले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे दिवस ज्यांच्या घरांनी सोसले त्यांना निजामाची खूण प्रिय असावी, असे म्हणण्याचे धारिष्ट आम्हांस नाही. परंतु आम्ही त्यांस नांदेड जिल्ह्यातील उमरीची आठवण दिली. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या कामी लावली. तो पैसा कोणाच्या छापाचा होता? ज्या राज्याविरुद्ध लढा, त्याच राज्याच्या चलनाने तो लढला गेला. मग चारमिनारचा रुपया केवळ राजाचाच कसा? तो ज्यांनी कष्टाने मिळविला, ज्यांनी सारा म्हणून भरला, ज्यांनी हिसकावून लढ्यात वापरला, त्या सर्वांचाही तो आहे. विहिरीत टाकल्याने राजा बुडत नाही. आपली साक्ष बुडते.

आणि राजाच्या वस्तूंची काळजी करण्याचे तर कारणच नाही, कारण त्या सुखरूप आहेत. फेब्रुवारी १९३७ मध्ये निजामाने आपला रौप्यमहोत्सव साजरा केला. त्या वेळी त्यास आलेले नजराणे, सोन्या-चांदीच्या वस्तू व मानपत्रे, आज हैदराबादेस पुराणी हवेलीतील संग्रहालयात काचेआड मांडलेली आहेत. परंतु त्याच महोत्सवाची जी पदके लहान-मोठ्या अंमलदारांच्या घरी मराठवाड्यात आली, ती कोणत्या काचेआड आहेत? राजास प्रजेने जे दिले ते जपले गेले. प्रजेच्या घरी जे आले ते प्रजेनेच मोडीत घातले. निजामावर रोष असेल तर हा न्याय उलटा नव्हे काय?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कोणी म्हणेल, “पोट हातावर असलेल्या माणसास तुम्ही इतिहास सांगता!” आम्ही विक्रीस विरोध करीत नाही. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाने अशर्फी विकली तर त्यात पाप नाही. आमचा आग्रह इतकाच की, विकण्यापूर्वी ती वस्तू काय आहे हे ठाऊक असावे. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे घ्यावी. वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत व व्यास मोजून लिहावा. कडेवर काही कोरले असल्यास त्याची नक्कल करावी. सोबतच्या सनदा, पत्रे, जुने फोटो एकत्र ठेवावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध माणूस जे सांगेल ते, त्याचे नाव व तारीख घालून, लिहून काढावे. नक्कल ओळखावयाची तर ओतीव वस्तूची कड व तिच्यावरील सांधा भिंगाखाली पाहावा. छापून पाडलेल्या अस्सल नाण्याची अक्षरे धारदार असतात, ओतीव नकलेची बोथट. शंका उरली तर नाशिकजवळ अंजनेरीस १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आहे; नांदेडासही विद्यापीठ आहे. जमिनीत सापडलेले धन मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविलेच पाहिजे, आणि शंभर वर्षांवरील नाणे खासगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. परदेशी गिऱ्हाइकाचे आमिष दाखविणारास एवढे एकच वाक्य ऐकवावे.

दुसऱ्या एका वर्गासही आम्हांस येथे दोन शब्द सुनवावयाचे आहेत, आणि तो वर्ग आमचाच, लेखकांचा व अभ्यासकांचा आहे. मराठवाड्याचा इतिहास लिहिताना आम्ही किल्ले पाहतो, शिलालेख पाहतो, मंदिरांची मापे घेतो. परंतु घरोघरच्या डब्या उघडून पाहण्यास आम्हांस सवड नसते. जे दप्तर उर्दूत आहे ते परके, असे आम्हीच मानले. मग सामान्य माणसाने ती पेटी रद्दीत दिली तर त्यास एकट्यास दोष कसा द्यावा? प्रत्येक तालुक्याच्या गावी वर्षातून एक दिवस जरी उर्दू व मोडी जाणणारे दोन जण बसले, आणि लोकांनी आणलेल्या वस्तू वाचून त्यांची नोंद करून परत दिल्या, तरी दहा वर्षांत जे जमेल ते कोणत्याही ग्रंथात आज नाही. ह्यास सरकारी मंजुरी लागत नाही. एक टेबल, एक वजनकाटा आणि थोडी लाज पुरे आहे.

अर्धापूरच्या डबीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. रुपये तिघा भावांत वाटले गेले, वितळविले मात्र गेले नाहीत. पाव अशर्फी थोरल्यांच्या सुनेकडे राहिली. रामाचा तुकडा पुन्हा देवघरात गेला, आणि तेथेच त्याची जागा होती. बिल्ला काकांनी स्वतःकडे मागून घेतला. त्यासोबत एका वहीत त्यांनी आपल्या आजोबांविषयी जे ऐकले होते ते, आणि १९४८ साली स्वतः जे पाहिले ते, दोन्ही सांगून लिहवून घेण्यास आरंभ केला आहे. ती वही पुरी झाली, तर त्या बिल्ल्यास पुन्हा वाचा फुटेल. आणि त्याचे मोल सांगण्यास मग सराफाकडे जाण्याची गरज उरणार नाही.